ताठ मनगट

भीमराजनं आयुष्यात कुणावर डोळे झाकून विश्वास ठेवला असेल, तर तो आपल्या आईवर, आणि तोही दुधाचे दात पडेपर्यंत. पुढे त्याच आईनं, सोजरबाईनं, चहात साखर घातलीय म्हटलं तरी तो आधी चमचा फिरवून बघायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. भीमराज ताकाचा वास घ्यायचा, ते कुठल्या डेअरीचं, कधी घुसळलं हे विचारायचा, आणि एवढं करून म्हणायचा, राहू द्या, आज पोट बरं नाही.

चाकणच्या एका कंपनीत तो शेवटच्या तपासणीवर होता. प्रेसमधून ठोकून निघालेले पत्र्याचे भाग त्याच्या टेबलावर यायचे. भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, नीट बसला तर पुढे जायचा, नाही बसला तर त्यावर लाल ठिपका पडायचा आणि तो बाजूच्या पेटीत जायचा. त्यावरून सगळी कंपनी त्याला गेजभाऊ म्हणायची. सुपरवायझर गयावया करायचे, गेजभाऊ, केसभर तर फरक आहे. तो म्हणायचा, जेवताना ताटात केस निघाला तर चालेल का? मग सुपरवायझर निघून जायचे.

चऱ्होलीत फ्लॅट घेतला तेव्हा ताबा घ्यायला हा माणूस पेढ्यांऐवजी मोजपट्टी घेऊन गेला. हॉल कागदापेक्षा चार इंच कमी भरला. बिल्डरचा पोरगा म्हणाला, काका, एवढं तर प्लास्टरमध्ये जातं. भीमराजनं त्याला प्लास्टरची जाडी मोजून दाखवली. शेवटी बिल्डरनं कटकट नको म्हणून बाल्कनीला फुकट जाळी बसवून दिली. त्या दिवसापासून भीमराजची पक्की खात्री झाली की संशय कधी वाया जात नाही. त्याची बायको आम्रपाली अंगणवाडीत शिकवते. ती शेजारणींना सांगते, लग्नाआधी हे आमच्या गावाला तीनदा येऊन गेले, आणि तिन्ही वेळा कुणालाच सांगितलं नाही.

पण ही खोड इतकी पक्की जन्मजात नव्हती. बाविसाव्या वर्षी तो भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये प्रेसवर कामाला होता. त्या जुन्या प्रेसला कामगाराच्या मनगटाला बांधायचे पट्टे असायचे. पट्ट्यांना दोऱ्या, दोऱ्या मशीनला. वरचा ठोकळा खाली आला की दोऱ्या हात मागे खेचून घ्यायच्या. माणूस विसरला तरी हात वाचायचा. पण पट्टे बांधले की काम मंद व्हायचं, आणि मालकाला काम मंद झालेलं आवडायचं नाही. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ अशी पाटी होती, आणि तिच्याखालीच खिळ्याला सगळ्यांचे पट्टे टांगलेले असायचे. एका सकाळी शेजारच्या मशीनवर समाधानचा उजवा हात मनगटापासून गेला. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. साक्षीदार म्हणून खाली भीमराजची सही होती. नोकरी नवी होती, घरी आई होती, आणि मालक समोर उभा होता. समाधान आता पुनावळ्यात मुलाकडे असतो, भेटला की हसून डावा हात पुढे करतो. भीमराजला तो हात हातात घेताना अजूनही शरम वाटते.

तेव्हापासून त्याचे काही हिशेब ठरून गेले. जो सुरक्षेबद्दल फार बोलतो, त्याच्या हाताकडे आधी बघायचं. मनगटाला काही बांधलेलं दिसलं की समजायचं, समोर हात खाणारं काहीतरी आहे. आणि कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यायची.

अशा माणसाच्या मुलीनं वेटलिफ्टिंगला जावं, हा योगच म्हणायचा. मिनल सोळा वर्षांची असताना शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी तिला चऱ्होलीतच, गावठाणाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या व्यायामशाळेत नेलं. ती अंगानं बारीक, पण खांद्यानं घट्ट. पहिल्या दिवशी घरी येऊन तिनं बापाला सांगितलं, तेव्हा त्याला अभिमानही वाटला आणि भीतीही. त्यानं कपडे वाळत घालायची काठी घेतली आणि तिला हॉलच्या मध्यभागी उभं करून धडा दिला. काठी कशी धरायची, मनगट कसं ठेवायचं. समाधानकाकाची गोष्ट तिला पाठ होतीच, ती त्यानं पुन्हा सांगितली. मिनल बापाचं सगळं ऐकायची. तिनं मान डोलावली, आणि भीमराज ते विसरून गेला.

मग वर्ष गेलं. गेल्या नोव्हेंबरात, एका दुपारी पहिल्या शिफ्टहून तो घरी आला तर मिनल कुकर डाव्या हातानं उतरवत होती. उजव्या मनगटावर काळी पट्टी होती. त्यानं विचारलं. ती म्हणाली, काही नाही पप्पा, सगळेच बांधतात. ‘सगळेच’ हा शब्द भीमराजनं आजवर हजार वेळा ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी तो ऐकल्यावर त्याला एखादा भाग बाद करावा लागला होता. त्यानं पट्टी सोडायला लावली. मनगट अंगठ्याच्या बाजूला सुजलं होतं, आणि त्यानं बोट ठेवताच पोरीनं दात आवळले.

त्यातच तिनं एक कागद पुढे केला. अठरा दिवसांनी जिल्ह्याची निवड चाचणी होती, त्यातून राज्याला जाता येत होतं, आणि अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी पालकांची संमती लागत होती. मिनलनं पेनही आणलं होतं. ती या चाचणीसाठी वर्षभर रोज संध्याकाळी शेडमध्ये घाम गाळत होती, दिवाळीतही दोन दिवसच थांबली होती. भीमराजनं कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तो न सांगता व्यायामशाळेवर गेला. दारावर पाटी होती, पालकांनी आत थांबू नये. का थांबू नये? ज्या कारखान्यात आत येऊ देत नाहीत, तिथं काय चालतं ते त्याला ठाऊक होतं. तो बाजूच्या गल्लीत गेला, तिथं खिडकीला तारेची जाळी होती. आत पाच-सहा मुली, रबराच्या चटया, लोखंडी बार, आणि मधोमध मॅडम. विजयश्री मॅडम कोल्हापूरकडच्या, पस्तिशीच्या, आवाज असा की पत्रा थरथरावा. त्या मुलींना ‘मी सांगतो’, ‘मी आलो’ असं पुरुषासारखं बोलायच्या. तिकडच्या बायका तसं बोलतात हे भीमराजला माहीत होतं, तरी त्याला तेही जरा संशयास्पदच वाटलं.

मिनलनं बार जमिनीवरून उचलला, झटक्यात खांद्यापाशी घेतला आणि खाली बसली. त्याच क्षणी मॅडम ओरडल्या, "कोपर वर! मनगट मोड! मोडू दे त्याला!"

भीमराजचा हात जाळीवर घट्ट झाला. बाई त्याच्या पोरीला स्वच्छ सांगत होती की मनगट मोड. एकदा नाही, त्या अर्ध्या तासात सात वेळा. त्यानं मोजलं. मधेच त्या मिनलपाशी गेल्या आणि तिचं कोपर हातानं वर दाबून मनगट मागे वाकवलं, तेव्हा मिनलचा चेहरा पिळवटला. मनगटात जोर असलेला माणूस म्हणतो आपण, मनगट वाकलेला माणूस असं कुणी म्हणतं का? मराठीत जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही कळेल ते या बाईला कळत नव्हतं. किंवा कळत होतं, आणि तिला मेडल हवं होतं. काम मंद होऊ नये म्हणून हात मशीनमध्ये घालायला लावणारी माणसं त्यानं आधीही बघितली होती.

मग चौकशी सुरू झाली. त्याच्या सोसायटीत निरंजन नावाचा एक टेम्पोवाला राहतो, त्याची मुलगी आधी तिथं जायची आणि सोडून आली होती. निरंजननं सांगितलं की मॅडमनी पोरीला तीन महिने नुसत्या काठीवर ठेवलं, वजनाला हात लावू दिला नाही, पोरगी कंटाळली. भीमराजला हे विचित्र वाटलं. बाईला मेडलची घाई असेल तर तीन महिने काठी कशाला? पण संशयी माणसाची एक गंमत असते, जे जुळत नाही तेही तो जुळवून घेतो. त्यानं ठरवलं, बाई आवडत्या मुलींना पिळते आणि नावडत्यांना काठी देते. निरंजननं आणखी एक सांगितलं. मॅडम स्वतः राष्ट्रीय पातळीवर खेळत होत्या, आणि मनगट मोडूनच त्यांचा खेळ संपला. भीमराजनं पुढच्या खेपेला जाळीतून नीट बघितलं. मॅडम कुणाला तरी नमस्कार करत होत्या, आणि त्यांचा उजवा तळवा डाव्याला पुरता टेकत नव्हता. म्हणजे ज्या नमुन्यावरून बाकीचे भाग करायचे, तो नमुनाच बाद होता. आता त्यावरून शंभर भाग काढा, शंभरही बादच निघणार.

आम्रपालीला त्यानं हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोरीलाच विचारा की सरळ, मनगट कशानं दुखतंय."

भीमराज म्हणाला, पोरगी बाईच्या धाकात आहे, ती खरं सांगणार नाही. आम्रपाली पुन्हा मेथीला लागली.

त्यानं आपल्या परीनं बंदोबस्त केला. रोज सकाळी कंपनीची बस पकडायच्या आधी तो मिनलला उठवायचा आणि तिच्या मनगटाला स्वतःच्या हातानं क्रेप बँडेज बांधायचा. आवळून, दोन पदर जास्तच, मनगट इकडचं तिकडं होऊ नये असं. मिनल हात पुढे करायची. संध्याकाळी बँडेज सुटलं की मनगटावर तांबडे वळ असायचे. भीमराजला ते बघून बरं वाटायचं, की पट्टी घट्ट बसलीय.

आणि त्यानं पुरावा गोळा करायला घेतला. कंपनीत एखादा भाग सारखा फाटायला लागला की इंजिनियर मोबाइलवर मशीनचा व्हिडिओ काढतात आणि हळू करून बघतात, तसं त्यानं जाळीतून तीन दिवस मिनलचे व्हिडिओ काढले. जिल्हा संघटनेला तक्रार लिहायची, सोबत व्हिडिओ जोडायचे, आणि त्या बाईचं पितळ उघडं पाडायचं, असा बेत होता. तक्रारीचं पहिलं वाक्यही त्यानं मनात लिहून ठेवलं होतं. ‘सदर प्रशिक्षिका मुलींना मनगट मोडण्यास भाग पाडतात.’

रविवारी सकाळी आम्रपाली आणि मिनल भाजी आणायला गेल्या. सोजरबाई उन्हाला बसल्या होत्या. भीमराजनं बाल्कनीत खुर्ची घेतली, मोबाइल मांडीवर ठेवला आणि व्हिडिओ हळू करून लावला. जिथं बार खांद्यापाशी येतो तिथं थांबवला. मग खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी काढून मोबाइलच्या काचेवर, थेट मिनलच्या हातावर ठेवली. मनगट किती मोडलंय ते मोजायचं होतं.

बँडेज तिनं दारातच सोडलं असणार, मनगट उघडं होतं. पण ते मोडलेलं नव्हतं. पट्टीच्या कडेला हाताचा पंजा आणि कोपरापर्यंतचा हात अगदी सरळ रेषेत बसत होते. भीमराजला वाटलं पट्टी हलली. त्यानं पुन्हा ठेवली. तसंच. मग दुसरा व्हिडिओ. त्यात बारला छोट्या चकत्या होत्या. तिथं मात्र मनगट मागे छान वाकलं होतं, कोपर पुढे वर आलं होतं, आणि मिनलचा चेहरा शांत होता. तिसऱ्यात मोठ्या चकत्या, मनगट ताठ, चेहरा वाकडा. त्यानं एकूण अकरा वेळा बघितलं. हलकं वजन, मनगट वाकडं, दुखणं नाही. जड वजन, मनगट ताठ, दुखणं. तपासणीवरचा माणूस आकडे नाकारत नाही. आकडे पटले नाहीत तर आधी गेजवर संशय घेतो, म्हणून त्यानं पट्टी बदलून आम्रपालीच्या शिवणाच्या डब्यातली पट्टी आणली. तीही तेच सांगत होती.

मग त्यानं बार कुठं टेकतोय ते बघितलं. मनगट वाकलेलं असायचं तेव्हा बार खांद्यांवर जाऊन बसायचा, आणि बोटं नुसती त्याला लागलेली असायची. सगळं वजन खांद्यावर, हातात काही नाही. मनगट ताठ ठेवलं की कोपरं खाली राहायची, बार खांद्यापर्यंत पोचायचाच नाही, आणि तेवढं लोखंड दोन मनगटांवर लटकायचं. खाली बसताना कोपर गुडघ्याला धडकायला दोन बोटांचंच अंतर राहायचं. प्रेसखाली अडकलेला हात असाच असतो, खाली टेकलेला आणि वरून दाबलेला. म्हणजे बाई जे ओरडत होती, ते मोडण्यासाठी नव्हतंच. गुडघा मोडून बसतो, पाय मोडून बसतो, तसलं मोडणं होतं ते, नुसतं वाकवणं. भीमराजला हे कळलं, आणि कळूनही त्याला राग बाईचाच आला. मग पोरगी ऐकत का नव्हती?

त्यानं आणखी एकदा व्हिडिओ लावला. या वेळी मनगट सोडून त्यानं चेहरा बघितला. जड बार छातीपाशी येण्याच्या आधी, अगदी क्षणभर, मिनलचे ओठ हलत होते. ती काहीतरी पुटपुटत होती. दुसऱ्या व्हिडिओत तेच. तिसऱ्यात तेच. तोंड उघडायचं आणि जीभ दातांमागे जायची, दोनदा. भीमराज नकळत तसंच तोंड करून बघू लागला, आणि त्याच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला.

"ताठ. ताठ."

त्यानं मोबाइल पालथा ठेवला. हॉलमध्ये, काठी हातात देऊन, एक वर्षापूर्वी त्यानं हेच शिकवलं होतं. ‘घाबरलीस की एकच शब्द म्हणायचा, ताठ. मनगट वाकलं की हात गेला.’ हलक्या वजनाला पोरगी घाबरत नव्हती, म्हणून मॅडमचं ऐकत होती. जड वजन समोर आलं की तिला भीती वाटायची, आणि भीती वाटली की ती बापाचं ऐकायची. तक्रारीत ज्याचं नाव घालायचं होतं तो माणूस बाल्कनीत बनियनवर बसला होता. सोजरबाईनं विचारलं, काय झालं रे? भीमराज स्टीलची पट्टी पुसू लागला. त्याला शरम वाटत होती, आणि आईसमोर शरम लपवायला जागा नव्हती.

सोमवारी तो शिफ्ट संपवून मुली यायच्या आधीच व्यायामशाळेत गेला. दारातली पाटी बघून बाहेरच उभा राहिला. मॅडम चटया झाडत होत्या. त्यांनी त्याला पाहिलं आणि झाडू भिंतीला टेकवला, पण आत या म्हणाल्या नाहीत.

भीमराज म्हणाला, मला तुमच्याशी बोलायचं आहे.

"मी तुमचीच वाट बघत होतो," मॅडम म्हणाल्या. "पोरीच्या मनगटावर वळ दिसतात रोज. मला वाटलं घरात कोण तरी हात पिरगाळतंय तिचा. उद्या मी तुमच्या मिसेसला भेटणार होतो, न्हाई तर पोलिसात जाणार होतो."

भीमराजनं उभ्या आयुष्यात किती जणांवर संशय घेतला याची गणती नव्हती, पण आपल्यावर कुणी असा संशय घेईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला आधी राग आला. मग लक्षात आलं की बाईनं तेच केलं होतं जे त्यानं केलं असतं. वळ दिसले, पोरगी बोलत नाही, बाप जाळीतून चोरून बघतो. होय, त्यांनी त्याला जाळीपाशी तिन्ही दिवस बघितलं होतं.

त्यानं मोबाइल काढून सगळं दाखवलं. बँडेज, काठी, तो शब्द, काहीच लपवलं नाही. मॅडमनी व्हिडिओ शांतपणे बघितला. मग त्या म्हणाल्या की त्या वर्षभर डोकं फोडून घेत होत्या. काठीवर या पोरीचं मनगट लोण्यासारखं मऊ, आणि वजन चढवलं की त्याची पहार होते. त्यांना वाटलं दुसरा कुणी उस्ताद चोरून शिकवतोय. मिनलला विचारलं तर ती कुणाचंच नाव घेईना. त्यांच्या स्वतःच्या मनगटाचं म्हणाल तर ते मोडलं होतं ते ताठ ठेवूनच. कोपर गुडघ्यावर आदळलं, आणि सगळ्या हॉलला आवाज ऐकू गेला. म्हणून तर त्या पोरींना तीन-तीन महिने काठीवर ठेवायच्या, मनगट वाकायला लागेपर्यंत बारला हात लावू द्यायच्या नाहीत.

भीमराज म्हणाला, मग आता तुम्हीच समजावा तिला.

"माझं वर्षभर सांगून झालं तिला," मॅडम म्हणाल्या. "भीती तुम्ही घातलीसा, तुम्हीच काढा."

तेवढ्यात मिनल सायकलवरून आली. बापाला दारात, मॅडमसमोर उभा बघून तिचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं भांडण झालं, आता सगळं संपलं. भीमराजनं तिच्या मनगटाचं बँडेज सोडलं. वळ त्यानं आज पहिल्यांदा नीट बघितले. मग म्हणाला की मी सांगितलं ते चूक होतं, मॅडमचं बरोबर आहे, मनगट वाकू द्यायचं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल ठिपका लावणाऱ्या माणसाला स्वतःची चूक सांगायला किती जड जातं, ते त्याच्या कपाळावरच्या घामावरून दिसत होतं.

मिनल बँडेजची गुंडाळी करू लागली. मॅडम म्हणाल्या, आधी डॉक्टरांकडे जाऊन या, मग बघू.

भोसरीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं, पण सांधा आतून दुखावला होता. अजून महिनाभर असंच चाललं असतं तर ऑपरेशनवर गेलं असतं. सहा आठवडे वजनाला हात लावायचा नाही. निवड चाचणी अकरा दिवसांवर होती. मिनलनं डॉक्टरांना विचारलं, दहा दिवस चालतील का, आणि डॉक्टर हसले. तिनंही हसल्यासारखं केलं. रडली असती तर भीमराजला बरं वाटलं असतं.

परतताना भीमराज मोटरसायकल चालवत होता, मिनल मागे बसली होती, आणि दिघीच्या सिग्नलला गाड्यांची रांग लागली होती. कंपन्यांच्या बसेस, टँकर, कंटेनर, सगळे हॉर्न वाजवत होते. भीमराजनं मान वळवून पुन्हा सांगितलं की सहा आठवड्यांनी तू सुरू कर, आणि काही झालं तरी मनगट वाकूच दे, शंभर टक्के तेच बरोबर आहे, अजिबात घाबरू नको.

मागून मिनल पुढे वाकली. मग ती म्हणाली, "पप्पा, वर्षभर तुम्ही ते दुसरंही असंच सांगत होता. शंभर टक्के."

"हो."

"मग आत्ताचं खरं हे मी कशावरून मानायचं?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या ओरडायला लागल्या, तरी भीमराजला गिअर टाकायचं सुचेना. हा प्रश्न त्यानं स्वतः आयुष्यभर जगाला विचारला होता, आणि जगाकडे उत्तर नसलं की त्याला आनंद व्हायचा. आज तोच प्रश्न त्याच्याकडे उलटून आला होता. शेवटी तो म्हणाला, "माझ्यावरून मानू नको. मॅडमना विचार, डॉक्टरांना विचार, मग स्वतः काठीवर करून बघ."

"बघीन," मिनल म्हणाली.

त्यानं गाडी सुरू केली. गाडी सुटताना झटका बसतो म्हणून मिनल नेहमी त्याचा खांदा धरायची. आज झटका बसला तरी खांद्यावर हात आला नाही. त्यानं आरशात बघितलं. दुखरा हात मांडीवर ठेवून पोरीनं डाव्या हातानं सीटमागची लोखंडी कडी धरली होती, घट्ट. चऱ्होली येईपर्यंत त्यानं हेल्मेटची काच वर केली नाही, कारण आत त्याचे डोळे वाहत होते.